कंबोडियातलं शिक्षण अजून मागे का, आणि तिथे शिक्षक घडवायला जावं का?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या पुण्यात आठ वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतायत, आता एका संस्थेकडून कंबोडियात बट्टंबांगला दोन वर्षं प्राथमिक शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी बोलावणं आलंय. पण त्यांनी वाचलं की २०२२ च्या पिसा परीक्षेत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची देशोदेशी जी एकच चाचणी घेतात तिच्यात, कंबोडिया सगळ्यात खाली आला, पोल पोटच्या काळात शिक्षकच मारून टाकले होते, आणि आता पंचेचाळीस वर्षं होऊन गेली तरी सुधारणा दिसत नाही. मग माझ्यासारख्या एकीने जाऊन असा काय फरक पडणार आहे, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी २०११ पासून कंबोडियात आहे, त्याआधी सोलापूर जिल्ह्यात बारा वर्षं गणित शिकवलं. इथेही काम तेच, प्राथमिकच्या शिक्षकांच्या वर्गात मागे बसायचं आणि नंतर त्यांच्याबरोबर बसून पुढचा पाठ बांधायचा, आधी कांपोंग चाममध्ये आणि आता बरीच वर्षं बट्टंबांगमध्ये. म्हणजे मला जे दिसलंय ते खेड्यातल्या सरकारी शाळांमधून दिसलंय. राजधानी नोम पेन्हमधल्या इंटरनॅशनल शाळांमध्ये शिकवणाऱ्या कुणाला विचारलंत तर ते वेगळंच चित्र सांगतील आणि तेही खोटं नसेल.

पहिलं म्हणजे 'सुधारणा दिसत नाही' हे बरोबर नाहीये, त्याच्यावर मी खाली येतेच. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात जो खरा प्रश्न आहे तो मला असा वाटतो की एखाद्या देशात शिकवणाऱ्यांची अख्खी पिढी नाहीशी झाली तर ती परत कशी उभी राहते. इमारत दोन वर्षांत उभी राहते, पुस्तकं छापता येतात, शिक्षक मात्र शिक्षकाकडूनच तयार होतो. तुम्ही आठवून बघा, आपण डी.एड. बी.एड.ला जे शिकलो त्यापेक्षा कितीतरी जास्त आपण आपल्या लहानपणीच्या बाईंसारखे शिकवतो, फळा कसा पुसायचा इथपासून. ही जी साखळी असते ना ती इथे तुटली, आणि नंतर घाईघाईत जोडली.

कशी तुटली ते थोडं सांगते. फ्रेंचांच्या काळात इथे शाळा फार कमी होत्या, गावातला मुलगा शिकायचा तो वाटमध्ये, म्हणजे बौद्ध मठात, भिक्खूंकडे. १९५३ ला स्वातंत्र्य मिळालं आणि सिहानुक यांच्या राजवटीत शाळा भराभर वाढल्या, सरकारी खर्चाचा पाचवा हिस्सा शिक्षणावर जात होता असं सांगतात, १९६० ला विद्यापीठही झालं. मग १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज, म्हणजे पोल पोटचे कम्युनिस्ट बंडखोर, नोम पेन्हमध्ये शिरले, शहरं रिकामी केली, शाळा बंद, पैसा बंद, आणि शिकलेला माणूस म्हणजे शत्रू. तीन वर्षं आठ महिने चाललं ते. जानेवारी १९७९ ला राजवट पडली तेव्हा शिक्षकांपैकी तीन चतुर्थांश तरी एकतर मेले होते किंवा देश सोडून गेले होते असा अंदाज सगळीकडे दिला जातो.

नोम पेन्हला आलात की तुओल स्लेंग बघालच, ती आधी शाळा होती, तुओल स्वाय प्रेय हायस्कूल. तिथेच ख्मेर रूजनी एस-२१ हा तुरुंग केला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळ्यात आधी दिसली ती जमीन, पिवळ्या-पांढऱ्या फरशा, आपल्याकडच्या जुन्या शाळांमध्ये असतात तशाच. त्या वर्गात मध्ये विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल अशा खोल्या केलेल्या. भिंतीला फळा अजून आहे. २०२५ ला ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. शिक्षकाने ती जागा एकदा बघावी, एकटीने बघू नये, कुणाला तरी बरोबर घेऊन जावं.

तर १९७९ ला शाळा परत उघडल्या त्या कशा, तर छपराखाली, झाडाखाली, आणि घोषणा अशी होती की ज्याला जास्त येतं त्याने कमी येणाऱ्याला शिकवायचं, ज्याला कमी येतं त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवायचं. इथल्या जुन्या माणसांना हे वाक्य अजून पाठ आहे. कांपोंग चामला माझ्या पहिल्या ग्रुपमध्ये एक बाई होत्या, १९७५ ला त्या पाचवीत होत्या. १९७९ ला सोळा वर्षांच्या, घरातले निम्मे गेलेले, आणि गावात ज्यांना वाचता येत होतं अशा मोजक्या माणसांत त्या एक. काही आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन त्यांना पहिलीच्या वर्गावर उभं केलं. तीसएक वर्षं शिकवलं त्यांनी. मी त्यांच्या वर्गात बसले तेव्हा फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं आणि चाळीस मुलं ते पट्टीने रेघा मारून उतरवून घेत होती. मला क्षणभर काही सुचलं नाही. नंतर त्यांच्याशी बोलताना कळलं की अपूर्णांकांची बेरीज त्यांना कधी कुणी शिकवलीच नव्हती, पाचवीनंतर थेट शिक्षिका, त्यांनी स्वतःच तर्क लावून रीत बसवली होती. आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे त्याच जिल्ह्यात शिक्षक झाली. ताई, 'पंचेचाळीस वर्षांत का नाही सुधारलं' याचं उत्तर मला त्या फळ्यावर दिसलं. त्या बाईंच्या शिकवण्याचं निमित्त करून कुणी इथल्या शिक्षकांना नावं ठेवली तर मला राग येतो, कारण त्या उभ्या राहिल्या नसत्या तर त्या गावात अक्षरसुद्धा उरलं नसतं.

पुढे जी दुरुस्ती झाली ती टप्प्याटप्प्याने. १९७९ ला शालेय शिक्षण दहा वर्षांचं होतं, १९८६ ला अकरा केलं, १९९६ ला बारा, आता ६ अधिक ३ अधिक ३ असं आहे. शिक्षकांच्या ट्रेनिंगचीही इथे आकड्यातच भाषा आहे, तुम्ही आलात की पहिल्या दिवसापासून ऐकाल, 'हा नऊ अधिक दोनवाला', 'ती बारा अधिक दोन', म्हणजे नववी होऊन दोन वर्षं ट्रेनिंग, बारावी होऊन दोन वर्षं. २०१८ पासून नोम पेन्ह आणि बट्टंबांगच्या शिक्षक महाविद्यालयांत जपानच्या मदतीने बारा अधिक चार सुरू झालं, म्हणजे पूर्ण चार वर्षांची पदवी. त्यातून बाहेर पडलेल्या मुली मी वर्गात बघतेय, त्यांचं वेगळं दिसतं, त्या मुलाला 'तू हे कसं केलंस' असं विचारतात. पण देशभरातल्या शिक्षकांच्या संख्येपुढे त्या अजून मूठभर आहेत.

शाळेत मुलं येतात का, हा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. १९९३ च्या राज्यघटनेत नऊ वर्षं मोफत शिक्षण आहे, प्रत्यक्षात वर्षाच्या सुरुवातीला शाळा जी फी घ्यायच्या ती २००० नंतर सरकारने शाळांना पैसे देऊन बंद केली आणि पटसंख्या एकदम वाढली. आज पहिलीच्या वयाची जवळपास सगळी मुलं शाळेत असतात. गळती होते ती सहावी-सातवीनंतर, मुलगी गारमेंट फॅक्टरीत जाते, मुलगा आईबापाबरोबर थायलंडला बांधकामावर.

आता पगार. हा विषय टाळून इथल्या शिक्षणावर बोलणाऱ्या माणसाचं मी तरी फारसं मनावर घेत नाही.

मी आले तेव्हा प्राथमिक शिक्षकाला महिन्याला शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मिळायचं, तेही रोख, वरून खाली हातोहात येताना मध्ये कुठे कुठे कापलं जायचं. घर त्यावर चालत नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणून मग 'रियन कुओ', म्हणजे जादा तास. शाळा दोन शिफ्टमध्ये, सकाळी सात ते अकरा आणि दुपारी एक ते पाच, मूल फक्त एका शिफ्टला. म्हणजे रोज चारच तास. उरलेला अभ्यासक्रम त्याच बाईंकडे त्याच वर्गात जादा तासाला, रोजचे पाचशे रियाल देऊन. चार हजार रियाल म्हणजे एक डॉलर, तेव्हा पाचशे म्हणजे आपले सहा-सात रुपये, ऐकायला काहीच नाही, पण तीन मुलं असलेल्या शेतमजुराला रोज ते काढणं जड जातं. एका शाळेत, नाव सांगत नाही, मी दुसरीच्या वर्गात बसले होते, पाठ भागाकाराच्या ऐन तोंडावर आला आणि सरांनी पुस्तक मिटलं, बाकीचं दुपारी म्हणाले. अठ्ठेचाळीस मुलं होती, दुपारी एकोणीस आली. दुसऱ्या दिवशी सर पुढच्या पाठावर. उरलेल्या एकोणतीस मुलांचा भागाकार तिथेच राहिला.

मला त्या सरांची चीड आली होती, आठवडाभर बोलले नाही. मग एकदा संध्याकाळी बाजारातून घरी जायला मोटोडुप केली, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, आणि हेल्मेट काढलं तर तेच सर. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला. तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेले की आधी एवढंच विचारते की इथले शिक्षक शाळा सुटल्यावर काय करतात. त्या एका उत्तरात मला शाळेबद्दल जेवढं कळतं तेवढं तपासणीच्या दहा पानांत कळत नाही.

पगार वाढले, हे मुद्दाम सांगायला पाहिजे. २०१३ च्या निवडणुकीनंतर, शिक्षकांच्या आणि गारमेंट कामगारांच्या आंदोलनांनंतर सरकारने टप्प्याटप्प्याने वाढवत २०१८ पर्यंत किमान दहा लाख रियाल, म्हणजे साधारण अडीचशे डॉलरपर्यंत नेले, आणि पगार थेट बँकेत यायला लागला. महागाई वाढलीये, त्यामुळे जादा तास आणि टॅक्सी बंद झाली असं नाही, पण पगाराच्या तारखेला शिक्षकाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही ही मोठी गोष्ट आहे. वर्गातली हजेरी, शिक्षकांची म्हणते मी, माझ्या डोळ्यासमोर सुधारली.

आणि २०१४ ची बारावीची परीक्षा. हे तुम्हाला इथे प्रत्येक जण सांगेल, मी बघितलंय म्हणून सांगते.

त्याआधी बारावीच्या परीक्षेला कॉपी कशी चालायची तर शाळेच्या गेटबाहेर उत्तरांच्या झेरॉक्सचे स्टॉल, नातेवाईक भिंतीवरून चिठ्ठ्या फेकतायत, आणि वर्गातली मुलं आपापसात वर्गणी काढून पर्यवेक्षकाला देणार. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे ज्याने काही सेंटरं बघितलीयत त्याला वेगळं वर्णन करून सांगायची गरज नाही. २०१३ ला ८७ टक्के रिझल्ट होता. त्याच वर्षी हांग चुओन नारोन शिक्षणमंत्री झाले, माणूस अर्थखात्यातला, आणि त्यांनी ठरवलं की पुढच्या ऑगस्टला परीक्षा खरी घ्यायची. लाचलुचपत विरोधी खातं उतरवलं, हजारो निरीक्षक नेमले, गेटवर मुलांची झडती. रिझल्ट लागला २५.७२ टक्के. अख्ख्या देशात ए ग्रेड अकरा मुलांना. ऑक्टोबरला नापासांची परत परीक्षा घेतली तरी दोन्ही मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपासच गाडी गेली.

त्या दिवशी माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा नापास झाला. ते स्वतः शिक्षक. मी घरी गेले, मुलगा आतल्या खोलीत, बायको रडतेय, आणि ते ओट्यावर बसून मला म्हणाले की याला जे येत नाही ते मला आज पहिल्यांदा कळलं, मी बारा वर्षं त्याची प्रगतीपुस्तकं सही करत आलो. त्यांनी त्या मुलाला परत बसवलं, २०१५ ला तो पास झाला, त्या वर्षी देशाचा रिझल्ट ५६ टक्क्यांच्या आसपास गेला, त्याच्या पुढच्या वर्षी ६२. म्हणजे कॉपी न करता हळूहळू चढला. मधल्या काळात बारावीच्या वर्गात शिक्षक शिकवायला लागले, पोरं यायला लागली. त्याचा एक तोटाही झाला, शहरात खासगी ट्यूशनचा धंदा फोफावला आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो मागे पडला. कोविडमध्ये २०२० ला तर परीक्षा न घेताच सगळ्यांना पास केलं आणि त्या बॅचच्या मुलांना अजून कुणी नोकरीच्या ठिकाणी विचारलं की ती खाली बघतात. पण परीक्षा प्रामाणिकपणे घेता येते, आणि सरकारने मनावर घेतलं तर एका वर्षात घेता येते, हे या देशाने करून दाखवलं. आपल्याकडे कॉपीमुक्त अभियानाच्या घोषणा मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय.

पिसाबद्दल. २०२२ ला ८१ देशांमध्ये गणितात ३३६ गुण, सगळ्यात कमी, हे खरंय, वाचन आणि विज्ञानातही तीच गत. पण दोन गोष्टी बघा. एक, २०१७ ला विकसनशील देशांसाठीची जी पिसा झाली तिच्यात गणितात ३२५, वाचनात ३२१, विज्ञानात ३३० होते, ते २०२२ ला ३३६, ३२९ आणि ३४७ झाले, आणि मध्ये कोविडमुळे शाळा कितीतरी महिने बंद होत्या, त्या काळात बऱ्याच श्रीमंत देशांचे गुण घसरले. दुसरी गोष्ट अडचणीची आहे, की ही परीक्षा पंधरा वर्षांची आणि निदान सातवीत असलेली मुलंच देतात, कंबोडियात त्या वयाच्या सगळ्या मुलांपैकी तशी ३६ टक्केच निघाली. बाकीची शेतात, फॅक्टरीत, किंवा पंधराव्या वर्षी चौथी-पाचवीत. म्हणजे जी टिकली त्यांचे हे गुण आहेत. आणि ताई, आपण नावं ठेवायच्या आधी हेही लक्षात ठेवू की भारत एकदाच पिसामध्ये उतरला, २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू, तळाला आलो आणि नंतर बसलोच नाही. कंबोडिया तळाला येऊनही परत बसला. मला याचं फार कौतुक आहे.

तर आतापर्यंतचं एवढंच की शिक्षकांची साखळी तुटली होती, पोटापुरता पगार नव्हता आणि परीक्षा खोटी होती. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना सरकारने हात घातला तिथे फरक पडला. पहिलीला वेळच लागतो आणि तुम्हाला बोलावलंय ते त्या पहिल्या कामासाठी.

आता तुमच्यासारखीने जाऊन काय होईल. याचं उत्तर कशावर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण मी तीन-चार चांगल्या शिक्षिका सहा महिन्यांत वैतागून परत गेलेल्या बघितल्यात. तुमच्या संस्थेचा प्रांताच्या शिक्षण कार्यालयाशी करार आहे का ते विचारा, नसेल तर मुख्याध्यापक तुम्हाला पाहुणी म्हणून चहा देतील आणि पाठवून देतील. दुभाषा कायमचा आहे का दिवसावर आहे ते विचारा. एकाच शाळेत दोन वर्षं आहात का वीस शाळांत दोन-दोन दिवसांची वर्कशॉप्स आहेत, हे तर सगळ्यात आधी विचारा. वीस शाळा असं सांगितलं तर माझा सल्ला, जाऊ नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये शिक्षक भत्ता घेतात, फोटो निघतात, रंगीत कार्ड कापली जातात, आणि सोमवारी वर्ग होता तसाच. एक शिक्षिका, तिचा एक वर्ग, दर आठवड्याला एक तास मागे बसणं आणि मग तिच्याबरोबर अर्धा तास, असं सलग वर्षभर केलं की हलतं. माझा अनुभव असा की पहिले चार महिने काहीच दिसत नाही.

सीमेचंही बघून घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये थायलंडबरोबर लढाई झाली तेव्हा सीमेकडच्या जिल्ह्यांतल्या शाळा बंद पडल्या, थायलंडहून लाखो मजूर पोराबाळांसकट परत आले आणि वर्गात अचानक थाई शिकलेली मुलं. बट्टंबांग शहर तसं आत आहे, पण तुमचा जिल्हा नेमका कुठला ते संस्थेकडून लिहून घ्या.

आता तुम्ही गणितवाल्या आहात आणि मराठी आहात म्हणून दोन गोष्टी, ज्या इंग्लंड-अमेरिकेहून येणाऱ्यांना सहसा दिसत नाहीत.

ख्मेर लिपी आपल्याच घराण्यातली आहे. क ख ग घ ङ हाच क्रम, त्यातल्या मात्रा, जोडाक्षरं, सगळं ओळखीचं. फक्त उच्चार सरकलेत, पहिली दोन अक्षरं कॉ खॉ आणि पुढची दोन को खो. आणि यातच पहिलीच्या मुलाची परवड होते, कारण तोच काना 'क' ला लावला की 'का' होतो आणि 'ग' ला लावला की 'किआ' होतो. प्रत्येक व्यंजनाला खाली लटकणारं एक वेगळं रूप आहे, त्याला पाय म्हणतात. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, अख्खं वाक्य एकसंध. आपल्याला दोन महिन्यांत लिपी यायला लागते कारण सांगाडा डोक्यात आहे. आणि शब्द तर विचारू नका, शाळेला 'सालाs', गुरूला 'क्रू', शिक्षणाला 'सिक्सा', विद्यापीठाला सकलविद्यालय, लायब्ररीला 'बन्नालाय', म्हणजे पर्णालय, ताडपत्रांचं घर. तुम्हाला वर्गात 'नेआक क्रू' म्हणतील, सरांना 'लोक क्रू'. पहिल्यांदा चाळीस मुलांनी उभं राहून हात जोडून तसं म्हटलं तेव्हा मला घशाशी आलं होतं.

दुसरं, अंक. ख्मेरमध्ये एक ते पाच मुई, पी, बेय, बुओन, प्राम. सहाला वेगळा शब्दच नाही, प्राम-मुई, पाच-एक. सात म्हणजे पाच-दोन, आठ पाच-तीन, नऊ पाच-चार. आपल्या पोरांना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी घोकताना किती रडवतो आपण, आणि इथे भाषेनेच हाताची पाच बोटं मोजून दिलीयत. पण शिक्षक ते वापरतच नव्हते, आठ अधिक सात फळ्यावर लिहायचे आणि मुलं पंधरा रेघा मारून मोजायची. एकदा मी आणि तिसरीच्या एका शिक्षिकेने मिळून पाठ बांधला, चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग. आठ म्हणजे प्राम-बेय, सात म्हणजे प्राम-पी. दोन प्राम एकत्र केले की दहा, बेय आणि पी मिळून परत एक प्राम, पंधरा. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी बोलायची नाही, ती चिंचोक्यांना हात न लावताच नऊ अधिक सहा सांगून मोकळी झाली, आणि का ते विचारल्यावर म्हणाली, नावातच आहे ना. त्या शिक्षिकेने तो पाठ पुढच्या आठवड्यात शेजारच्या वर्गाच्या बाईंना स्वतःहून शिकवला, मला न विचारता. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यात जास्त आनंद झाला असेल तर तो त्या दिवशी.

आणि हे शिक्षकांना आवर्जून सांगा, ते खूश होतात, की नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक शिलालेख आहे, मेकाँगकाठच्या संबोरचा, त्यावर तिथी कोरलीय, शके ६०५, वद्य पंचमी. इसवी सन ६८३. त्या ६०५ मधलं शून्य म्हणजे दगडावरचा एक ठिपका, जगात दशमान पद्धतीतलं शून्य कोरलेलं सापडलंय त्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. शके म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागतं, आपल्या पंचांगात ते अजून रोज छापतात. मी ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी त्या दगडाचा फोटो लावते. ज्यांना बाहेरचा प्रत्येक जण येऊन तुम्ही शेवटचे असं सांगून जातो, त्यांनी तो ठिपका बघितलेला असावा असं मला वाटतं.

ताई, जायचं ठरलंच तर भाद्रपदाच्या वद्य पक्षात पोचू नका. तेव्हा इथे फ्चुम बेन असतो, आपला पितृपक्षच तो, महिन्याचं नावही 'फोत्रोबोत', बेन म्हणजे पिंड. शेवटच्या दिवसांत शाळा बंद आणि सगळं गाव वाटमध्ये भाताचे गोळे घेऊन पूर्वजांना घालत असतं, त्यातल्या कितीतरी जणांना आपल्या माणसाचं काय झालं, कुठे गेलं हे कधी कळलेलंच नाही. त्यानंतर या. निघायच्या आधी दोन महिने कॉ-खॉ-को-खो गिरवायला घ्या, पाटी नको, चौकटीची वही घ्या कारण अक्षराच्या खालचा पाय ओळीत मावत नाही. आणि संस्थेचं पत्र आलं की त्या एका शाळा का वीस शाळा प्रश्नाचं उत्तर इथे लिहा, मग पुढचं बोलू.